त्सोइगलच्या विरजणाची बादली

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची एक जुनी बादली आहे. पाणी मी कधी वाहिलं नाही. आमच्या बव्हेरियातल्या गावात त्सोइगल नावाची बिअर होत असे, तिचं विरजण मी घरोघरी नेत असे.

गावची भट्टी सामाईक होती. पाळी येईल त्या घराने तिथे जवाचा गोड काढा उकळायचा, आपल्या तळघरात आणून आंबवायचा आणि बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांची चांदणी टांगायची. मग सारं गाव त्या घरी प्यायला! काढ्यात घालायचं यीस्ट मात्र कुणी विकत आणत नसे. आधीच्या घरच्या बिअरचा तळाशी बसलेला साका, तेच पुढच्याचं विरजण. हवं असेल त्याने बादली पाठवायची. देणाऱ्याने आपण होऊन नेऊन दिलं, तर घेणाऱ्याला भिकारी म्हटल्यासारखं होई.

तेव्हा माझा काय तोरा होता! अंगावर ओलं फडकं घालून मला मिरवत नेत. पुढे कारखान्याची बिअर आली आणि एकेक घर पाळी सोडू लागलं. शेवटी दोनच उरली: माझा मालक व्हीटुस आणि गल्लीपलीकडची विधवा वालबुर्गा. दोघं लहानपणापासूनची सोबती.

एकदा वालबुर्गाच्या घरी चांदणी लागली होती. भरल्या बैठकीत ती म्हणाली, "घे व्हीटुस, बिअर कशी लागते ते आज तरी कळू दे तुला. मागे तुझ्याकडे प्यायले, तर वाटलं ग्लास विसळलेलं पाणीच दिलंस!"

लोक पोट धरून हसले. व्हीटुसच्या ते जिव्हारी लागलं आणि त्याने बोलणंच टाकलं.

पुढची पाळी त्याची होती. काढा तळघरात येऊन पडला, मी मात्र खुंटीवरच. वालबुर्गाने विरजण थंड पाण्याखाली जपून ठेवलं होतं. तिने खिडकीतून हाक मारली, "काय रे व्हीटुस, बादली वाळून तडकली की काय तुझी?"

ते बोलावणं होतं, मित्रांनो. मला कळलं. त्याला तो आणखी एक टोमणा वाटला.

त्याच्या बायकोने, ओटिलीने, मला खुंटीवरून काढलं. "अहो, मी जाऊन येते. वाट बघतेय ती."

"ठेव ती खाली! तिच्या दारात माझी बादली जायची नाही. माझ्याकडे आहे विरजण."

होतं ते मागच्या खेपेचं, बरणीच्या बुडाशी राहिलेलं. त्यात जीव नव्हता. काढा नासला आणि व्हीटुसने तो गटारात ओतला. आंबूस वास वालबुर्गाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा ती विरजणाचं मडकं घेऊन स्वतः आली.

"घे. रीत गेली चुलीत."

व्हीटुसने झाकण काढलं. वाट बघून बघून तेही कुजलं होतं.

"मला एकदा हाक मारायचीस," तो म्हणाला.

"मारली की रे."

विरजण मागायला तिसरं घर उरलं नव्हतं. भट्टीला कुलूप लागलं. आता ती दोघं संध्याकाळी बाकावर बसून बाटलीतली बिअर पितात आणि तिला कुणीच नावं ठेवत नाही. माझ्या फळ्या सुटल्या आहेत. मला दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं.

मित्रांनो, शेजाऱ्याशी रुसा, कडाकडा भांडा, पण त्याच्याकडे मागायला जाणं सोडू नका. आमच्या गल्लीत आता एकमेकांकडे मागण्यासारखं काही उरलेलं नाही.