सव्वा लाखाचे टाके

सव्वा लाख ही संख्या लायबाला लहानपणापासून आवडायची, आणि होतीच ती आवडण्यासारखी. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास. ना एक कमी, ना एक जास्त, अगदी पक्का घन. शिवाय मोठी मानी! तिघींत वाटायला जा, दोन उरतात. दोन आणि पाच सोडले तर कुठल्याच मूळ संख्येला ती दाद देत नाही.

तिच्या अम्मीला, बिस्मिल्लाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. जऊळक्याला नवऱ्याच्या गाद्यांच्या दुकानामागे बसून ती रजया शिवायची. लेकीला हैदराबादला गणिताच्या संशोधनासाठी जागा मिळावी म्हणून तिने सव्वा लाख वेळा कुराणातली एक आयत म्हणायची मन्नत मागितली होती. एकेका आयतीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पन्नास झाले की पांढऱ्या फडक्यावर एक लाल टाका. ओळीत पन्नास टाके, अशा पन्नास ओळी, रोज पाच टाके. लायबा ते फडकं पाहत बसली की प्रत्येक टाक्यावर पन्नास चिंचोक्यांची चळत उभी राहायची आणि सगळ्याचा मिळून एक लाल घन हलकेच घराच्या पत्र्याच्या छपरावर तरंगू लागायचा.

जागा मिळाली. उद्याची गाडी होती. दुपारी सुई शोधताना शिवणाच्या डब्यात लायबाला फडकं दिसलं. कोरं! महिन्यापूर्वी तिने स्वतः अठ्ठेचाळीस ओळी मोजल्या होत्या. हल्ली अम्मी भाजीत दोनदा मीठ टाकायची, गॅस बंद करायला विसरायची. आता भ्रमात टाकेही उसवले की काय? अशा आईला सोडून जायचं कसं?

"अम्मी, मी नाही जात."

"काहून वं?"

लायबाने फडकं पुढे धरलं. अम्मी आधी गोंधळली, मग खुदकन हसली.

"गणित शिकली अन् अक्कल इकली काय पोरी? ते फडकं कवाच भरलं. तुह्या रजईच्या अस्तरात शिवलं म्या. हे दुसरं. उद्यापासून लागतो."

"आता काय मागून राह्यली?"

अम्मी वाटीतले चिंचोके बोटाने ढवळत राहिली.

"तू वापस यावी म्हणून. पाचशे दिवस लागतात."

लायबाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. डोळ्यांत पाणी असतानाच सवयीने तो घन तरंगत आला. तिने तो मनातच मधोमध कापला. अर्धा भाग अंगणभर पसरला आणि चक्क चौरस झाला. साडेबासष्ट हजार, म्हणजे अडीचशे गुणिले अडीचशे.

"अर्धे मले दे. मोहल्ल्यातल्या बाया वाटून म्हणतात ना, तसे. तू इथं रोज अडीचशे, मी तिथं अडीचशे."

"मंग?"

"मंग अडीचशे दिवसांत पुरे."

चौरस काही अम्मीला कळला नाही. पाचशेचे अडीचशे झाले, एवढं मात्र लगेच कळलं. तिने कात्री उचलली, फडक्याचे दोन तुकडे केले आणि एक लायबाच्या बॅगेत घातला.