मेणाचं घर, मेणाचा बॉल

कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये, वसईच्या तुस्कानोंच्या घरी, बेडरूममधल्या ड्रेसरवर, मोतमाउलीच्या तसबिरीपुढे त्या वर्षी मेणाच्या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एक घर आणि एक बॉल. बॉलही गोल नव्हे, दोन्ही टोकांना निमुळता. घर बीआट्रिसचं, बॉल तिच्या नवऱ्याचा, सिरीलचा. दोघांनी एकाच माउलीला एकाच मुलासाठी नवस बोलला होता, आणि एकाचा फळला तर दुसऱ्याचा बुडणार हे दोघांनाही ठाऊक होतं. एका पलंगावर झोपून इतकं उघड वैर क्वचितच कोणी चालवलं असेल.

वसईच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बांद्र्याच्या जत्रेत मोतमाउलीला वाहायला मेणाचं सगळं मिळतं. गुडघा दुखत असेल तर पाय घ्या, मूल होत नसेल तर बाळ घ्या. ग्वेल्फमध्ये असलं काही कोण विकणार? बीआट्रिसने डॉलर स्टोअरमधल्या मेणबत्त्या वितळवून दुधाच्या रिकाम्या कार्टनमध्ये ओतल्या. कार्टनला मुळातच उतरतं छप्पर, त्यामुळे घर झकास झालं. सुरीच्या टोकाने तिने त्याला दारही कोरलं. सिरीलने ते पाहिलं, आणि उरलेलं मेण ईस्टरच्या प्लास्टिकच्या अंड्यात ओतून टाकलं.

मुलगा म्हणजे कॉलिन, त्यांचा एकुलता एक. व्हँकुव्हरच्या हेरन्स संघात तो व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. हा फुटबॉल म्हणजे हातात बॉल धरून पळायचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक देखणा गडी बॉल फेकतो, आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना छातीने अडवायला पुढे पाच दांडगे उभे असतात. कॉलिन त्या पाचांतला मधला. त्याने काम चोख केलं तर टीव्हीवाले त्याचं नाव घेत नाहीत, चुकला तर मात्र हटकून घेतात. सिरील इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून मुलाची पाठच तेवढी बघत आला होता.

म्हणून त्याचा नवस साधा होता. कॉलिन कॅप्टन व्हावा. कॅप्टन झाला की सामन्याआधी नाणेफेकीला मैदानाच्या मधोमध चालत जातो, हेल्मेट काखेत असतं, आणि कॅमेरा सरळ तोंडावर येतो. पोराचं तोंड एकदा अख्ख्या देशाने बघावं, एवढीच बापाची हौस.

बीआट्रिसला देशाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ते तोंड आपल्या टेबलाशी हवं होतं. कॅनडात उन्हाळा असतो तरी केवढासा, आणि तोच नेमका ह्या खेळाने गिळलेला. मे महिन्यात सरावाचा कॅम्प लागला की पोरगा गेला, तो बर्फ पडल्यावर मोकळा व्हायचा, आणि हल्ली तर मोकळा झाला तरी ट्रेनिंगसाठी तिकडेच राहायचा. मागच्या अंगणात रासबेरी पिकायच्या, डेकवरच्या खुर्च्या उन्हात तापायच्या, आणि दर वर्षी बीआट्रिस त्यातली एक खुर्ची उगाच पुसून ठेवायची. व्हिडिओ कॉलवर तो दिसायचा, हसायचा. पण व्हिडिओवर पोराच्या केसांतून हात फिरवता येत नाही. त्याच्यावाचून तिला करमत नव्हतं, हेच खरं. "त्याला घरी येऊ दे," एवढंच तिने माउलीला सांगितलं होतं. कसा, कधी, कशासाठी, ह्यातलं काही सांगितलं नाही. तिकडे वसईत, गिरीज गावातली तिची आई असती तर तिथल्या तिथे ओरडली असती. नवस बोलताना सगळं नीट फोडून सांगायचं असतं.

कॅम्प संपत आला तेव्हा, इकडे जेवायची वेळ झालेली असताना, कॉलिनचा फोन आला.

"मम्मी, डॅडीला बोलव. स्पीकरवर टाक."

"काय झालं? लागलं का कुठे?"

"नो, नो. दे व्होटेड टुडे. आय ॲम कॅप्टन, मम्मी!"

सिरीलच्या हातातला घास ताटात पडला. "कोणी व्होट केलं? कोचने?"

"प्लेयर्सनी, डॅडी. सगळे चिठ्ठीवर नाव लिहितात. कोच फक्त वाचून दाखवतो. माझ्या जर्सीवर 'सी' शिवतायत."

मग काय विचारता! ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, हाडं कुरकुरणारा हा माणूस किचनमध्ये नाचला. मार्कहॅमच्या बहिणीला, ऑलिव्हियाला, फोन झाला. वसईला भल्या पहाटे लोकांना उठवून झालं. पहिल्या सामन्याला व्हँकुव्हरला जायचं त्याने उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

बीआट्रिसही हसली. अभिमान तिलाही वाटला, खोटं कशाला बोला. पण भांडी घासताना तिला रडू आलं. कॅप्टन झालेला मुलगा कशाला घरी येतोय आता? तो तिकडेच मुरणार, तिकडेच घर घेणार. झोपायला गेली तेव्हा ड्रेसरवरचं मेणाचं घर तिला दिसलं. ते उचलून कपाटात ठेवावं, आता मुकाट्याने मागणं मागे घ्यावं, असं तिच्या मनात आलं. हातही पुढे गेला. आणि तिने तो परत घेतला. असू दे, म्हणाली, आईने मागू नये तर कोणी मागायचं?

तिसऱ्या दिवशी कॉलिनचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी त्याने स्पीकरवर टाकायला सांगितलं नाही.

"मम्मी, दे कट मी."

"कट म्हणजे?"

"टीममधून काढलं. कोचने सकाळी बोलावलं. टॅबलेट घेऊन ये म्हणाला."

टीमच्या सगळ्या चाली त्या टॅबलेटमध्ये असतात. तो परत मागितला की खेळाडूने समजून जायचं. करार कागदावर अजून एक वर्ष बाकी होता. पण ह्या धंद्यातला करार सीझन सुरू होण्याआधी एका सहीने मोडता येतो, आणि मोडणाऱ्याला कारणही द्यावं लागत नाही. ह्या वर्षी त्यांनी कॉलिनच्याच जागेसाठी कॉलेजातला एक कोवळा पोरगा उचलला होता. तो स्वस्तात पडत होता. चिठ्ठ्या खेळाडूंच्या असल्या तरी पेन मॅनेजरच्या हातात असतं.

"पण तू तर कॅप्टन ना रे?" बीआट्रिसने विचारलं.

"हो ना," कॉलिन म्हणाला. "आय वॉज. मी घरी येतोय, मम्मी."

ज्या वाक्यासाठी तिने मेण वितळवलं होतं ते वाक्य हेच. बीआट्रिस फोन हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली. तिला स्वतःच्या मागण्याची लाज वाटली.

कॉलिन आला. एक भलीमोठी हॉकी बॅग घेऊन आला आणि बेसमेंटमधल्या आपल्या जुन्या खोलीत राहिला. बीआट्रिसने आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळले, पोर्क विंदालू केलं, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेली सुकट काढली. पोराने सगळं खाल्लं. "सो गुड, मम्मी," म्हणाला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि त्याने फिरवू दिला. त्या पुसलेल्या खुर्चीवर तो बसलासुद्धा. मागितलेलं सगळं तिच्या पदरात पडलं होतं.

पण फोन कायम ताटाशेजारी, तोंड वर करून. भल्या सकाळी तो उठायचा, अंगणात जायचा आणि गुडघे वाकवून, एक हात गवतावर टेकवून, सामन्यात बॉल सोडायच्या आधी असतो त्या पवित्र्यात नुसताच राहायचा. समोर कोणी नसायचं. किचनच्या खिडकीतून बीआट्रिस बघायची आणि चहा गाळायचं विसरायची. दिवसा तो लॉन कापायचा. गवताला वाढायला सवड द्यायचा नाही, पुन्हा कापायचा. काही विचारलं तर "आय ॲम गुड" म्हणायचा. खोटं बोलायला इंग्रजी किती सोयीचं आहे, असं तिला त्या दिवसांत वाटलं.

हेरन्सचा पहिला सामना आला. तिकिटं अर्थातच रद्द झाली होती. सिरीलने टीव्ही लावायचं टाळलं, तर कॉलिनने स्वतःच लावला. ह्या खेळात संघाला एकच कॅप्टन नसतो; नाणेफेकीला हेरन्सचे तिघं चालत गेले, हेल्मेटं काखेत घेऊन. कॅमेरा एकेकाच्या तोंडावर गेला. सिरीलने रिमोट उचलला.

"लीव्ह इट, डॅडी," कॉलिन हळू आवाजात म्हणाला. "दे आर माय गाइज."

त्याने तो सामना शेवटपर्यंत पाहिला. आणि बीआट्रिसने त्याला पाहिलं. सोफ्यावर अंग होतं, पोरगा अजून त्या मैदानात होता. घरी आला म्हणून ती ज्याला वाढत होती, तो आलाच नव्हता.

रविवारी चर्चमध्ये मिसाला जाताना तिने मेणाचं घर रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतलं. नवस फळला की वस्तू वाहून आभार मानायचे, नाही मानले तर माउलीचा राग. मिसा संपल्यावर ती माउलीच्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. आभार कसले मानणार? घर तसंच परत आलं.

"वाहिलं नाहीस?" सिरीलने कारमध्ये विचारलं. त्याला सगळं दिसत होतं, बोलत नव्हता इतकंच.

"नाही जमलं," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरवडाभराने एका दुपारी ती फुग्यांचं पीठ मळत होती. सिरील ग्रोसरी आणायला गेला होता. कॉलिन मागे लॉन कापत होता, आणि आज पहिल्यांदाच त्याचा फोन किचनच्या टेबलावर पडून होता. विसरला नव्हता. ठेवून गेला होता. ते पाहून बीआट्रिसला आधी बरं वाटलं. लागलं बाई मन, असं वाटलं. आणि मग फोन वाजला.

स्क्रीनवर हॅलिफॅक्सचं नाव होतं. तिकडच्या संघाचा मधला खेळाडू गेल्याच सामन्यात गुडघा मोडून बसल्याचं बापलेकांचं बोलणं तिने ऐकलं होतं. मागच्या अंगणात मशीनचा घरघराट चालू होता, त्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. बीआट्रिसचे हात पिठाने भरलेले. फोन वाजत होता. नाही उचलला तर दुसऱ्या कोणाला तरी करतील; त्यांना काय, गाव भरलंय खेळाडूंनी. हा उन्हाळा तरी तिचा होईल. कोणाला कळणारही नाही.

तिने पिठाच्या हातानेच फोन उचलला, हिरवं बटण दाबलं आणि ओरडली, "वन मिनिट, सर! डोन्ट कट! ही इज हिअर!" आणि पायांत चपलाही न घालता ती बीआट्रिस तुस्कानो, जिला जिना चढताना धाप लागते ती, अंगणातून धावत सुटली.

कॉलिनने मशीन बंद केलं. पिठाने माखलेला फोन कानाला लावला. "येस, कोच," म्हणाला. नुसतं ऐकत राहिला. मग त्याची पाठ सरळ झाली, खांदे रुंद झाले. बीआट्रिसने तेव्हा त्याचं तोंड पाहिलं, सिरील इतकी वर्षं टीव्हीत शोधत होता ते तोंड. टीममधून काढल्यापासून आजपर्यंत तिच्याही घरी ते आलं नव्हतं.

फोन ठेवून तो म्हणाला, "एका सीझनचा काँट्रॅक्ट, मम्मी. नो कॅप्टन, नथिंग. नवीन माणूस. उद्या निघायला लागेल." आणि मग लहानपणी विचारायचा तसं, "जाऊ?"

"जा रे बाबा," ती म्हणाली. रडू आवरलं नाही, आणि तिने आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला एअरपोर्टवर सोडून दोघं घरी आले. तळलेले सगळे फुगे तिने त्याच्या डब्यात भरून दिले होते, घरात एकही ठेवला नव्हता. सिरील कपडे बदलायला बेडरूममध्ये गेला आणि ड्रेसरपाशी थांबला.

"बिआ, ह्या घराचं काय करायचं? नवस तर फळला होता तुझा. आला ना तो."

बीआट्रिसने मेणाच्या घरावरची धूळ पदराने पुसली, बॉलवरचीही पुसली, आणि घर तसबिरीच्या थोडं जवळ सरकवलं.

"राहू द्या तिथेच," ती म्हणाली. "अजून आला कुठे तो?"