शिशाच्या पेटीत राहिलेला कप

इकडे, इकडे! शिशाच्या या बंद पेटीतून मी बोलतोय. मी सरांचा चहाचा कप. पण ही माणसं खाणीच्या तळाशी आली ती काही माझ्यासाठी नव्हे. त्यांना विश्वातला न दिसणारा पदार्थ शोधायचाय. तो पेटीतल्या उपकरणावर आदळला की चमक दिसते म्हणे.

मातीतून जन्मलं की अंगात थोडा किरणोत्सर्ग येतोच. त्याला माझा इलाज नाही. म्हणून तर पेटीत जाणारा प्रत्येक स्क्रू, गोंदाचा थेंबसुद्धा ताई आधी तपासून घ्यायची. ताई म्हणजे सरांची विद्यार्थिनी. कुठल्या वस्तूमुळे उपकरणात किती फसव्या चमका दिसतील, हे सगळं तिनं संगणकात हुबेहूब उभं केलं होतं. तिची पदवी त्यावरच होती.

'आत चहा आणू नये' ही पाटी सरांनीच लावलेली. तरी तारा तपासताना त्यांनी मला कोपऱ्यात टेकवलं आणि पेटी बंद करून मोकळे झाले.

दुसऱ्याच दिवशी जादा चमका दिसू लागल्या. "सापडला!" सर नाचायचेच बाकी होते. अहो, तो मी होतो! सतरा दिवस मी विश्वाचं गूढ म्हणून मिरवलो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

ताईचं गणित मात्र जुळेना.

"तुझंच चुकलंय," सर म्हणाले. "पुन्हा कर, नाहीतर पदवी विसर."

ती रडली तेव्हा मला माझीच लाज वाटली. मग ती जिद्दीला पेटली. संगणकातल्या पेटीत तिनं पाना ठेवून पाहिला, मग बूट, शेवटी साक्षात सरांनाच बसवलं. चमका भलत्याच वाढल्या, तेव्हा त्यांना बाहेर काढून तिनं एक कप ठेवला.

"सर, आत कप राहिलाय का हो?"

"छे! मी असं करीन का?"

"कप ठेवला की जवळपास जुळतंय. किंचित जास्त येतंय, एवढंच."

सर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, त्याचा कान तुटलाय."

ताईनं संगणकातल्या कपाचा कान काढला आणि आकडे तंतोतंत जुळले. तिला पदवी मिळाली. पेटी मात्र आणखी तीन वर्षं उघडायची नाही, नाहीतर बाहेरची धूळ आत शिरेल. तोवर रोज आकड्यांतून मला वजा करून काम चालतं. माझ्या तळाशी चहा वाळून गेलाय.

पेटी उघडेल तेव्हा सर मला गुपचूप खिशात घालतील, मी त्यांना ओळखून आहे. तेवढं होऊ देऊ नका. मला ताईच्या हातात द्या. एकदाही न पाहता तिनं मला ओळखलं होतं.