भांडतेय तोवर बरी

मला कुणी 'बरी आहेस ना' असं विचारलं की डोक्यात तिडीक जाते. बरी नसते तर इथे उभी राहून तुमचं तोंड बघत बसले असते का? पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या गाडीत या प्रश्नाला बंदी होती. बंदी घालणारा माझा दादा. तो गेला, बंदी अजून चालू आहे.

गाडी म्हणजे बेकरीची व्हॅन. एरवी दादा तिच्यातून पाव पोचवायचा आणि वर्षातून एक रात्र आम्हाला पोचवायचा. डोंगरापासून समुद्रापर्यंत रात्रभर, एकामागून एकाने, प्रत्येकाने दोनदा पळायचं, अशी ती शर्यत. आपला टप्पा संपला की मनगटावरची पट्टी काढायची आणि पुढच्याच्या मनगटावर चढवायची. आमच्या संघात सगळी गल्लीतलीच माणसं. कोपऱ्यावरचा सलूनवाला, त्याच्या समोरची मेडिकलवाली, बेकरीच्या भट्टीवरचे दोघे भाऊ आणि मी, शिवणकाम करणारी. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावलेली जाकिटं सगळ्यांना मीच शिवली. इतर संघ विकतची घालून यायचे. ती दुसऱ्या वर्षी काखेत उसवायची. आमची अजून ठणठणीत आहेत.

दादा पळायचा नाही, गाडी चालवायचा. स्वभावाने गाय. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर घरातलं सगळं तिखट माझ्या वाट्याला आलं आणि सगळं दूध त्याच्या. मला तो लवंगी म्हणायचा. पण त्या एका रात्री त्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालायचं नाही. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं, म्हणजे अंगावर काय येतंय ते दिसतं. कानात गाणी घालायची नाहीत. आणि आमची व्हॅन पळणाऱ्याच्या मागे रांगायची नाही. ती पुढे जायची, रस्ता सोडून थांबायची आणि दादा हेडलाइट बंद करायचा, कारण समोरून झोत आला की पळणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पाय खड्ड्यात जातो.

मग पळणारा खिडकीपाशी आला की दादा त्याची खोडी काढायचा. बरा आहेस का म्हणून विचारायचा नाही. त्याचं म्हणणं असं, की बरं विचारलं की माणूस हो म्हणतो, मरायला टेकला तरी हो म्हणेल. म्हणून सलूनवाल्याला तो सांगायचा की पलीकडच्या गल्लीत नवीन सलून निघालंय, काय सुरेख केस कापतात. सलूनवाला पळता पळता त्या नव्या सलूनच्या सात पिढ्या उद्धरायचा. मेडिकलवालीला म्हणायचा, तुमच्या खोकल्याच्या औषधाने माझा खोकला वाढला. ती ओरडायची की बाटली परत आणा, झाकण तरी उघडलंय का बघते. आणि मला म्हणायचा, लवंगी, म्हशीसारखे पाय आपटू नकोस, लोक झोपलेत. मी म्हणायचे, तुझ्या खटाऱ्यापेक्षा कमीच आवाज आहे. उलट उत्तर आलं की दादा खूश. मुकाट्याने मान डोलावली की दार उघडून सरळ आत बसवायचा. त्यावर वाद नाही, आणि नंतर त्यावरून कुणी टोमणा मारायचा नाही. भांडतेय तोवर बरी, हे आमच्या गाडीतलं ब्रीदवाक्यच झालं होतं. त्या खिडकीपाशी आम्ही जितके हसलो तितके लग्नाकार्यातसुद्धा हसलो नसू.

एक वर्ष असं आलं की आमच्या पुढे फक्त दोनच संघ उरले. आम्ही, पाव पोचवणारे आणि केस कापणारे, तिसरे. मधल्या उघड्या पठारावरचा टप्पा माझा होता. वारा बोचरा, वरून भुरभुर, जाकीट ओलं गच्च. त्यापुढचं मला खरंच आठवत नाही, मेडिकलवालीने सांगितलेलं सांगते. खिडकीपाशी दादाने म्हशीचं ते नेहमीचं काढलं आणि मी म्हणाले, "हो दादा, बरोबर आहे तुझं." एवढं बोलून मी पुढे गेले, रस्त्याच्या अगदी मधोमध.

दादाला त्याच्या उभ्या आयुष्यात कुणी पळताना पाहिलं असेल तर ते त्या रात्री. पायात चपला, दार सताड उघडं टाकून. त्याने मला मागून धरलं, मनगटावरची पट्टी काढली आणि उचलून व्हॅनमध्ये आणलं. पट्टी मध्येच काढली की संघ बाद, असा शर्यतीचा नियम. मला रिकाम्या क्रेटच्या मधे पोत्यांवर झोपवलं, कोरडे कपडे चढवले, सगळ्यांच्या शाली माझ्यावर टाकल्या. शुद्ध नीट आली तेव्हा मी आधी मनगट पाहिलं आणि मग तोंड उघडलं. गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं, तिसरे होतो आपण, असं जे सुरू झाले ते थांबेनाच. दादाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आली परत," तो म्हणाला.

मग समुद्र येईपर्यंत मी त्याला झोडपत होते आणि तो डोळे पुसत हसत होता. असं मला शिव्या घालू देणारं माणूस पुन्हा मिळायचं नाही.

त्यानंतरची शर्यत यायच्या आधीच दादा गेला, झोपेतच. व्हॅन बेकरीच्या मागे उभी राहिली, जाकिटं माझ्या कपाटात. पुढच्या दोन शर्यती आल्या नि गेल्या, कुणी विषयसुद्धा काढला नाही. यंदा दादाच्या मुलीने काढला. ती बालवाडीत शिकवते. बापावर गेली आहे, किंबहुना बापापेक्षा मऊ. तिची छत्री कुणी पळवली तर म्हणेल, त्यांना लांब जायचं असेल. मी तिला गोगलगाय म्हणते, आणि हिच्या तर पोटातसुद्धा पाय नाहीत. पण या एका बाबतीत ती हटून बसली. बाबांचा संघ पठारावर अडकला होता ना, तो मला समुद्रापर्यंत न्यायचाय, म्हणाली. बापाचं जाकीट घेऊन माझ्याकडे आली आणि मी ते कमरेत घेऊन दिलं.

वहिनी काही केल्या तयार होईना. आधीच एक माणूस गेलेलं घर, तिचं तरी काय चुकलं. शेवटी निघायच्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन व्हॅनपाशी आली. स्टिअरिंगवर मला बघून तिला कसंतरी झालं असणार, पण ती एवढंच म्हणाली, "पळू दे तिला. पण मला परत आणून द्या."

पोरीचा पहिला टप्पा छान झाला. मी रस्ता सोडून थांबले, हेडलाइट बंद केले आणि ती खिडकीपाशी आल्यावर म्हटलं, अगं, आत्ताच एक खरी गोगलगाय तुझ्या पुढे गेली. ती हसून म्हणाली, हो आत्या, दिसली मला, मीच तिला वाट दिली. गाडीत सगळे हसले. दादाच्या हिशेबाने तिला तिथेच आत घ्यायला हवं होतं. सलूनवाला म्हणाला, हिची परीक्षा रद्द करा, ही कायम नापास. मीही हसले, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ही कधी भांडतच नाही, तर हिचं बिनसलं हे मला कळणार कसं? दादाला कळलं असतं. त्याने सांगून मात्र ठेवलं नव्हतं.

तिचा दुसरा टप्पा पठारावरचा होता. तसाच वारा. लांबून तिच्या कपाळावरचा दिवा हलत हलत आला. मी म्हटलं, गोगलगायीपेक्षा कासव बरं गं बाई. तिने मान वळवली नाही.

"आत्या, तोंड बंद ठेव आणि गाडी पुढे घे. डोकं खाऊ नकोस माझं."

गाडीत हशा पिकला. शोभते आत्याची भाची, असं म्हणत सलूनवाल्याने सीटवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली. आमच्या घरात माझ्यासारखं बोलणारं कुणीतरी निघावं, ही माझी जुनी इच्छा. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला. आणि लगेच काढला. ही पोर जन्मल्यापासून माझ्याशी असं बोललेली नाही. माझ्याशी काय, दारावर येऊन डोकं खाणाऱ्या विक्रेत्याशीसुद्धा नाही. माझं जे बरं, ते हिचं बरं नव्हे. भांडतेय तोवर बरी हे दादाने माझ्यापुरतं ओळखलं होतं, आणि आम्ही शहाण्यांनी त्याचा सगळ्यांसाठी नियम करून टाकला होता. दादा फक्त एवढंच बघायचा, की हे आपलं नेहमीचंच माणूस बोलतंय ना.

गाडी तशीच सोडून मी धावले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत. पोर सरळ रेषेत नव्हती पळत. मी मागून जाकीट पकडलं. शिलाई माझी होती, ती सुटली नाही. तिने मला ढकललं, हात झटकला. मेडिकलवालीने टॉर्च मारला तर ओठ पांढरे, अंगाला गार घाम. मग कळलं, मागच्या विश्रांतीपासून पोटात काही ठरत नव्हतं, दोनदा उलटी झाली होती आणि बाईसाहेबांनी चकार शब्द काढला नव्हता. कुणाला त्रास नको म्हणून. हा स्वभाव.

मी मनगटावरच्या पट्टीला हात घातला तेव्हा ती रडायला लागली.

"नको ना गं. बाबांचं राहिलंय. काढलीस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही."

मी काढली. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला लागली, आजही लागते. शर्यतीच्या डॉक्टरांची गाडी बोलावली. त्यांनी तपासलं, गरम ठेवा म्हणाले, साखर-मिठाचं पाणी घोट घोट द्या, पोटात राहिलं नाही तर दवाखान्यात न्या. मेडिकलवाली चमचा घेऊन बसली. पाणी पोटात राहिलं. व्हॅनमध्ये अजून पावाचा वास आहे, क्रेटही तेच. त्यांच्या मधे पोत्यांवर पोरीला झोपवलं आणि आम्ही निघालो. बाद तर बाद, समुद्र कुणाच्या बापाचा नाही. वाटेत त्यावरून कुणी टोमणा मारला नाही. तोही नियम दादाचाच.

उजाडायला लागलं. मागे सगळे माना टाकून झोपले होते. मी एकटी रस्ता बघत होते आणि दादाशी मनातल्या मनात भांडत होते. दूध सगळं तिला दिलंस, म्हटलं, आणि ते उतू जायला लागलं की कसं ओळखायचं ते मला सांगितलं नाहीस. तेवढ्यात पोत्यांवरून बारीक आवाज आला.

"आत्या, तू रात्रभर जागीच का गं? थोडी झोप ना. मी उगाच त्रास दिला तुला."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सवयीने हेडलाइट बंद केले. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आली परत," मी म्हणाले.

कोण आली, असं तिने हळूच विचारलं. मी डोळे पुसले आणि वहिनीला फोन लावला.