चिंबोरीतलं पिवळं

दोन हजार एकोणीस साली पेणजवळच्या खाडीत एका बार्जचं तेल सांडलं आणि ते काढायचं काम द्वारकाच्या दिराला, कमळाकरला मिळालं. चार गोणपाटं फिरवून त्याने खाडी स्वच्छ झाल्याचं जाहीर करून टाकलं. तेवढ्यावर भागलं नाही. द्वारकाच्या गरोदर सुनेला, नमिताला, चिंबोऱ्यांचे डोहाळे लागलेले. कमळाकर त्याच खाडीतल्या खेकड्यांची टोपली घेऊन दारात हजर.

"दोन दिस विहिरीच्या पाण्यात ठेवल्यात, वहिनी. तेलबिल गेलं सगळं. खाऊ द्या पोरीला."

द्वारकाची लेक प्रतीक्षा कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "काका, चिंबोरी तेल कल्ल्यांतून आत घेते. मांसातलं लवकर जातं, पण पोटातल्या पिवळ्यात ते साठून राहतं. ते फोडून बाहेर टाकायला तिला दोन दिस पुरत नाय."

"मला शिकवतेस? खाडीत जन्म गेला माझा!"

कोणाचं खरं मानावं, द्वारकाला कळेना. तिने नमिताचं ताट वाढून बाजूला ठेवलं आणि आधी दिराला जेवायला बसवलं. कमळाकर मिटक्या मारत नांग्या फोडत होता, पिवळं मात्र बोटाने अलगद ताटाच्या कडेला सारत होता. द्वारकाने नमिताचं ताट उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"भावजी, पिवळं र्‍हायलं की. खावा."

"आज माझी चतुर्थी हाय," कमळाकर म्हणाला. तोंडात नांगी होती.

नमिताला धडधाकट मुलगी झाली, आता ती शाळेत जाते. प्रतीक्षा रोह्याला नोकरीला लागली. कमळाकर खाडी बचाव समितीचा अध्यक्ष झाला. द्वारका दर पावसाळ्यात त्याला चिंबोऱ्यांच्या जेवणाचं आवतण धाडते. तो येत नाही.