अकरा दोषांची गाडी

गाडीला जोडलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर अकरा दोष उमटले आणि वहिनीने ते पुन्हा एकदा मोजले. नणंदेची मोटरसायकल तिने हौसेने साफ करायला घेतली होती. उद्या त्याच गाडीवरून नणंदेला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि आता इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत होतं.

"अकरा? वहिनी, गाडी पुसलीस की सोलून काढलीस?"

"गप्प बस गं, मला आधी फोन लावू दे."

तिने मेकॅनिक मामांना फोन लावला. मामांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "सेन्सरचे प्लग काढून पुसताना चावी ऑन होती?"

होती.

"मग काढलेला प्रत्येक प्लग गाडीने बिघाड म्हणून लिहून ठेवलाय. सगळी यादी पुसून टाक, गाडी पुन्हा चालू कर. परत येईल तोच दोष खरा."

वहिनीने यादी पुसली. नणंदेने बटण दाबलं.

एक.

एकच! इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग नुसताच टेकवलेला राहिला होता. वहिनीने तो कट्‌कन बसवला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. ती तिथेच फरशीवर बसली.

"चहा तूच टाक," ती नणंदेला म्हणाली, "माझ्याच्याने आता उठवत नाही."