तीन टक्के कमी

दशांश सरांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. हॉस्पिटलातल्या रेसिडेन्सीच्या पहिल्याच आठवड्यात माझं एक दशांशचिन्ह चुकलं, तर या माणसाने तासभर डोकं खाल्लं. तेव्हाच आम्ही त्यांचं नाव दशांश पाडलं. काहीही विचारा, उत्तर एकच, "आधी स्वतः शोध." अहो, शिकवायचा पगार घेता ना?

कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं मशीन रोज सकाळी तपासायचं, हे आम्हा फिजिसिस्टांचं काम. ठरलेला डोस शंभर, तर मोजलेलाही शंभरच्या आसपास हवा. या मोजमापात हवेचा दाब धरावा लागतो आणि त्या सोमवारी खोलीतला बॅरोमीटर बंद पडलेला. सर म्हणाले, "माझा घे, कपाटात आहे." कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. वहीत त्यांचे आकडे महिनोन् महिने शंभर, शंभर पूर्णांक एक दशांश, पुन्हा शंभर. इतकं नेटकं कधी असतं का? म्हटलं, नको रे बाबा, यांचंच यंत्र आणि यांचेच आकडे. मी दाब मोबाइलवरच्या हवामानातून घेतला.

आले सत्त्याण्णव.

"सर, तीन टक्के कमी आहे. वाढवू का?"

"मशीनला हात लावायचा नाही. परत मोज."

परत सत्त्याण्णव. मग त्यांनी मला बाहेर पाठवलं, दार लावून स्वतः मोजलं आणि वहीत शंभर लिहून मोकळे झाले. माझं डोकंच फिरलं. कारण त्याच मशीनवर माझ्या मावशीच्या घशातल्या गाठीवर उपचार चालू होते. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. किरण देण्याच्या पस्तीसपैकी सतरा वेळा झाल्या होत्या.

संध्याकाळी तिला सांगितलं, "मशीन कमी डोस देतंय आणि एक माणूस ते लपवतोय. दोन-तीन दिवस येऊ नकोस, मी छडा लावते." विभागात तिला ताप आल्याची थाप मारली. मंगळवारी सत्त्याण्णव, बुधवारीही सत्त्याण्णव. सर नुसते बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मी वहीच्या पानांचे फोटो काढले आणि गुरुवारी सकाळी थेट विभागप्रमुख बाईंपुढे ठेवले.

बाईंनी आम्हा दोघांना आपल्यासमोर मोजायला लावलं. मशीन तेच, वायर तीच. माझे सत्त्याण्णव, त्यांचे शंभर.

"दाब कुठून घेतलास?" बाईंनी विचारलं. मी मोबाइल पुढे केला.

"अगं, हा समुद्रसपाटीचा दाब! हवामानवाले सगळ्या गावांचे आकडे समुद्रसपाटीला आणून सांगतात. आपण केवढ्या उंचीवर बसलोय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाच प्रश्न मी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेऊन सोडवला होता. बाई सरांकडे वळल्या. "तुम्हाला तीन दिवस दिसत होतं हे?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. म्हटलं, शोधेल स्वतः." सरांचा आवाज जरा पडला. "मशीनला मी हात लावू दिला नाही. कोणाचं नुकसान तर झालं नाही ना."

"झालं," मी म्हणाले आणि मावशीचं सगळं सांगितलं. तापाच्या थापेसकट.

सरांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. आजचा दिवस चुकता कामा नये."

मावशीने साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"मावशी, माझीच चूक होती गं. मशीन ठणठणीत आहे. लगेच चल, दोन दिवस बुडालेत, आणखी बुडाले तर गाठ पुन्हा वाढेल."

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "हाच ना तो?" बसलेल्या घशातून शब्द कसेबसे बाहेर पडले.

"बाई, मी समजावून सांगतो," सर पुढे झाले.

"तुम्ही बोलू नका." मग अगदी हळू, मला, "दम दिला का गं तुला याने? काढून टाकतो म्हणाला?"

"नाही गं! तुझी शप्पथ, नाही!"

"मग रडतेस कशाला?" ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.